श्टेपांका हिल्गर्टोव्हा : दुसऱ्या फेरीचें मोल

आमच्या टीकावाङ्मयांत कवीचें, नटाचें किंवा गवयाचें कर्तृत्व जोखण्याचीं साधनें बरींच तयार झालीं आहेत. खेळाडूविषयीं लिहावयाचें म्हटलें, कीं मात्र लेखणी जमाखर्चाच्या वहीकडे वळते. धांवा किती, बळी किती, पदकें किती, एवढें मांडलें म्हणजे लेखकाचें काम संपलें, अशी एक सोयिस्कर समजूत रूढ होऊन बसली आहे. वस्तुतः पदकांची यादी ही ग्रंथकाराच्या ग्रंथांच्या यादीसारखी आहे. तिच्यावरून ग्रंथ किती झाले हें कळतें. त्यांत काय आहे, पहिल्यापासून शेवटच्यापर्यंत लेखकाची बुद्धि कोणत्या वाटेनें गेली, कोठें अडली, कोठें वळली, यांपैकीं कांहींच कळत नाहीं. ज्या खेळाडूची कारकीर्द वीस-वीस वर्षें चालते त्याच्या बाबतींत तर ही यादी चक्क दिशाभूल करते. कारण तिच्यांत यशाचीं चार वर्षें ठळक अक्षरांत येतात आणि उरलेलीं सोळा वर्षें जणूं घडलींच नाहींत असें होतें.

झेक देशाच्या श्टेपांका हिल्गर्टोव्हा ह्या बाईंची कारकीर्द या दृष्टीनें तपासून पाहण्याजोगी आहे. खळाळत्या पाण्यावर टांगलेल्या खांबांच्या मधून होडी काढण्याच्या, स्लालोम नांवाच्या शर्यतींत त्या १९९२ पासून २०१२ पर्यंत लागोपाठ सहा ऑलिंपिक सामन्यांस उतरल्या. पैकीं १९९६ व २००० या दोन खेपांस त्यांनीं सुवर्णपदक मिळविलें. १९९९ व २००३ सालीं त्या जगज्जेत्या ठरल्या. पहिल्या ऑलिंपिकच्या वेळीं त्यांचें वय चोवीस होतें, शेवटच्या वेळीं चव्वेचाळीस. वैयक्तिक अजिंक्यपदांच्या हिशेबानें पाहिलें तर ही कारकीर्द २००३ सालींच आटोपते, आणि पुढचीं वर्षें म्हणजे केवळ शेपूट उरतें. आमचें म्हणणें असें, कीं त्या उरलेल्या वर्षांवांचून आधींच्या चार विजयांचा अर्थच नीट लागत नाहीं. तें कसें हें सांगण्यासाठींच हा लेख आहे.

हा खेळ आपल्याकडे परिचयाचा नाहीं, म्हणून त्याविषयीं थोडें सांगणें अवश्य आहे. स्लालोम हा शब्द बर्फावरून घसरण्याच्या शर्यतींतून आला. १९३३ सालीं स्वित्झर्लंडमध्यें ती कल्पना बर्फावरून पाण्यावर आणली गेली. जागतिक अजिंक्यपदाचे सामने १९४९ मध्यें जिनीव्हा येथें सुरू झाले, आणि १९७२ च्या म्युनिक ऑलिंपिकच्या वेळीं आउग्सबुर्ग शहरांतील बांधीव कालव्यांत हा खेळ प्रथम ऑलिंपिकमध्यें आला. त्यानंतर वीस वर्षें त्याला तेथें थारा नव्हता. १९९२ मध्यें तो परत आला आणि तेव्हांपासून टिकून आहे.

खेळाचें स्वरूप सांगावयास सोपें आहे. वेगानें उतरणाऱ्या पाण्यावर दोन दोन खांबांचीं वीस-पंचवीस दारें टांगलेलीं असतात. हिरव्या पट्ट्यांच्या दारांतून प्रवाहाबरोबर खालीं जावयाचें, तांबड्या पट्ट्यांच्या दारांतून प्रवाहाविरुद्ध वर यावयाचें. होडी एका माणसाची, कमरेला कपड्यासारखी घट्ट बसणारी. हातांत दोन पात्यांचें वल्हें. होडी, वल्हें किंवा अंग खांबाला लागलें तर ठराविक सेकंदांचा दंड. दार चुकलें तर पन्नास सेकंदांचा, म्हणजे त्या शर्यतीपुरता निकालच. सर्व मिळून दोन-अडीच मिनिटांचा, अलीकडे तर त्याहूनही कमी वेळाचा कारभार.

नवख्या प्रेक्षकाची समजूत अशी होते, कीं येथें माणसाची पाण्याशीं झुंज चालली आहे. ही समजूत खोटी आहे. ओहोटीच्या वेळीं खाडीच्या मुखांतून होडी आंत घेणारा कोंकणांतला तांडेल ज्यांनीं पाहिला असेल त्यांना हें निराळें सांगावयास नको. तो पाण्याशीं भांडत बसत नाहीं. पाणी कोठें सुस्त आहे, कोठें उलट फिरलें आहे, हें हेरतो आणि तेवढ्या पट्ट्यांतून होडी सरकवितो. स्लालोमची विद्याही मूळांत हीच. प्रवाहांत धोंडा असला म्हणजे त्याच्या पाठीमागें पाणी माघारीं, वरच्या दिशेला वाहूं लागतें. प्रवाहाविरुद्धचें दार बहुधा अशाच आडोशाच्या पाण्यांत टांगलेलें असतें. कुशल खेळाडू वर चढण्यासाठीं बाहू झिजवीत नाहीं. त्या माघारीं वाहणाऱ्या पाण्याच्या कडेवर होडीचें नाक टेंकवितो, अंग आंतल्या बाजूस झुकवितो आणि उरलेलें काम पाण्याकडून करून घेतो. नाक वीतभर आधीं टेंकलें तर खांब लागतो; वीतभर मागाहून टेंकलें तर होडी घसरत खालीं जाते आणि गेलेले सेकंद परत येत नाहींत.

शिवाय दारांची मांडणी दर स्पर्धेस निराळी. एकदां तीं टांगलीं गेलीं, कीं मोठ्या स्पर्धांतून त्या मांडणीवर सराव करण्याची मुभा आज नसते. खेळाडू कांठाकांठानें चालतो, वांकून पाहतो, हातांनीं हवेंत वळणें काढतो, आणि सारी वाट पाठ करून मग पाण्यांत उतरतो. आणि पाणी तर पाठ होणारें नव्हे! एकाच ठिकाणची लाट क्षणांत उंच होते, क्षणांत मोडते. म्हणजे मजकूर ठरलेला, पण अक्षरें हलतीं, असा हा ग्रंथ आहे. तो हातांच्या आधीं डोळ्यांनीं वाचावा लागतो. आणि हाताचें बळ वयाबरोबर उतरतें तसें डोळ्याचें हें शिक्षण उतरत नाहीं, उलट वाढतें, ही गोष्ट पुढील विवेचनासाठीं ध्यानांत ठेवावयास हवी.

हिल्गर्टोव्हाबाईंच्या शर्यतींच्या चित्रफिती पाहतांना पहिली गोष्ट डोळ्यांत भरते ती ही, कीं त्यांत डोळ्यांत भरण्याजोगें कांहीं नाहीं. वल्ह्याचे फटके मोजके. होडी वळतांना ती वळविली असें न वाटतां वळली असें वाटतें. त्यांच्यानंतर २००४ व २००८ अशीं लागोपाठ दोन ऑलिंपिक सुवर्णपदकें मिळविणाऱ्या स्लोव्हाकियाच्या एलेना कालिस्का यांचा खेळ पाहिला तर शक्तीचा प्रत्यय पहिल्या फटक्यापासून येतो. पाणी कापलें जात आहे हें दिसतें. हिल्गर्टोव्हाबाईंच्या खेळांत पाणी कापलें जात नाहीं, उलगडत जातें. ज्यांना खेळांत पराक्रम पाहण्याची हौस आहे त्यांना ही शैली कोरडी वाटेल. आम्हांला ती कोरडी वाटत नाहीं; पण ती एकदां पाहून कळणारी नाहीं हें मात्र कबूल केलें पाहिजे. साध्या गद्याचें जें होतें तेंच हिचें होतें. तिच्यांत काय टाळलें आहे हें कळल्याखेरीज काय साधलें आहे हें कळत नाहीं.

आतां १९९६ च्या विजयाकडे वळूं. अटलांटा येथील ऑलिंपिकची ही शर्यत शेजारच्या टेनेसी संस्थानांत, ओकोई नदीवर झाली. तेथील नदीचें पाणी विजेच्या कामासाठीं बाजूनें वळविलेलें असल्यामुळें पात्र एरव्हीं बहुतेक उघडें पडलेलें असे. शर्यतीकरितां तें अरुंद करून त्यांत पाणी सोडण्यांत आलें. नियम असा होता, कीं प्रत्येकीनें दोन फेऱ्या कराव्या, त्यांतील चांगली तेवढी धरावी, दुसरी टाकून द्यावी. हिल्गर्टोव्हाबाईंची चांगली फेरी १६९.४९ सेकंदांची भरली. अमेरिकेच्या डाना ख्लादेक यांची चांगली फेरीही भरली १६९.४९ सेकंदांचीच. सेकंदाच्या शंभराव्या हिश्श्याचाही फरक नाहीं! तेव्हां ज्या फेऱ्या टाकून दिल्या होत्या त्या पुन्हां उचलाव्या लागल्या. टाकलेल्या फेऱ्यांत हिल्गर्टोव्हाबाईंची सरस ठरली आणि सुवर्णपदक त्यांच्याकडे गेलें.

या समसमान झुंजींत आणखी एक योगायोग होता. ख्लादेकबाई अमेरिकेच्या वतीनें उतरल्या असल्या तरी त्यांचा जन्म झेकोस्लोव्हाकियांतील डेचीन गांवचा. हिल्गर्टोव्हाबाई प्रागच्या. प्राग शहरामधून वाहणारी व्हल्टावा नदी पुढें एल्ब नदीला मिळते, आणि ती एल्ब डेचीनवरून जर्मनींत उतरते. एकाच पाण्याच्या वरच्या-खालच्या कांठांवर जन्मलेल्या दोघींना समुद्रापलीकडच्या एका आटलेल्या नदींत सारखाच वेळ लागावा, हें कादंबरीकारानें लिहिलें असतें तर आपण त्याला ओढूनताणून आणलेलें म्हटलें असतें.

पण योगायोगाची गोष्ट सोडून द्या. विचार करण्याजोगी गोष्ट ही, कीं हें पदक सर्वोत्तम फेरीनें मिळवून दिलें नाहीं. सर्वोत्तम फेरी दोघींची सारखीच होती. निवाडा केला तो टाकाऊ फेरीनें. खेळाडूची उंची त्याच्या भरतीच्या खुणेवरून मोजण्याची आपली रीत आहे. येथें ती ओहोटीच्या खुणेवरून मोजली गेली. चांगल्या दिवशीं चांगलें खेळणें हें अनेकांस साधतें. वाईट दिवशीं आपण किती खालीं जातों, यावरून विद्या अंगांत किती मुरली आहे तें कळतें. कवितेच्या बाबतींतही, कवीच्या उत्कृष्ट पांच कविता कोणीही संग्रहांत घालील; त्याच्या मध्यम प्रतीच्या कवितांचा दर्जा काय, हा प्रश्न विचारला म्हणजे पुष्कळांचीं आसनें डळमळूं लागतात.

नियम करणाऱ्या मंडळींना आपण टीकाशास्त्रच लिहीत आहोंत याची जाणीव बहुधा नसते, पण तें तसें असतें खरें. दोन फेऱ्यांतील चांगली धरावी हा नियम म्हणजे वेंच्यांची टीका : उत्तम तेवढें घ्या, बाकीचें विसरा. २००० सालीं सिडनीच्या ऑलिंपिकमध्यें हा नियम बदलून अंतिम सामन्यांत दोन्ही फेऱ्यांची बेरीज धरण्यांत आली. ही समग्र ग्रंथांची टीका झाली. १९९६ मध्यें जें केवळ बरोबरी फोडण्यापुरतें उपयोगी पडलें होतें तेंच आतां मुख्य माप ठरलें. आणि या मापानें पेनरिथ येथील कालव्यांत हिल्गर्टोव्हाबाई पहिल्या आल्या, त्या सेकंदाच्या हिश्श्यांनीं नव्हे, चांगल्या चार सेकंदांहून अधिक अंतरानें. फ्रान्सच्या ब्रिजित गिबाल दुसऱ्या आणि आन-लीझ बार्दे तिसऱ्या. ज्यांना १९९६ चा विजय नशिबाचा वाटत होता त्यांना यापरतें उत्तर नको होतें. पुढें २००४ व २००८ मध्यें उपान्त्य व अंतिम फेरीची बेरीज धरली गेली, आणि २०१२ मध्यें एकट्या अंतिम फेरीवर निकाल लावण्याची पद्धत आली. ही तिसरी पद्धत प्रेक्षकांस अतिशय मानवते. संमेलनांत एका कवितेवर टाळ्या पडतात त्यांतलाच हा प्रकार. आमच्या मतें तिघींत ती निकृष्ट आहे. परंतु मत आमचें, घड्याळ त्यांचें.

मधल्या विजयांविषयीं फार लिहिण्याचें कारण नाहीं. १९९२ सालीं, झेकोस्लोव्हाकिया हें राष्ट्र अस्तित्वांत होतें तेव्हां, बाई स्पेनमधील ला सेउ दुर्जेल या पर्वतांतल्या गांवीं पहिल्या ऑलिंपिकला उतरल्या होत्या व पदकावांचून परतल्या होत्या. सात वर्षांनीं, १९९९ मध्यें, दुसऱ्याच देशाच्या निशाणाखालीं त्याच गांवच्या पाण्यावर त्या जगज्जेत्या झाल्या. २००३ चें जगज्जेतेपद आउग्सबुर्गचें, म्हणजे ज्या कालव्यांत हा खेळ प्रथम ऑलिंपिकचा झाला तेथलें. तेव्हां वय पस्तीस. या दोन विजयांतून शैलीविषयीं नवें कांहीं हातीं लागत नाहीं. त्यांत पूर्वीचेंच गुण आहेत, अधिक पक्के झालेले.

खरा रस आहे तो या काळांत खेळाच्या पायाखालची जमीन कशी सरकत गेली, आणि बाईंनीं ती सरकूं देऊन स्वतःचा तोल कसा राखला, यांत. दोन फेरफार मोठे झाले. पहिला दंडाचा. १९९६ पर्यंत खांबाला नुसता स्पर्श झाला तरी पांच सेकंद पदरांत पडत. पुढच्या वर्षापासून ते दोन झाले. पांच सेकंदांच्या राज्यांत स्पर्श म्हणजे सर्वनाश. त्यामुळें जी पिढी त्यांत वाढली ती खांबापासून अंतर राखून, सोंवळ्यानें खेळणारी निघाली. दोन सेकंदांच्या राज्यांत धीट खेळाडू हिशेब करूं लागला : खांबाला घांसून गेलों आणि वळणावर तीन सेकंद वांचले, तर एक सेकंद नफ्यांत! एका आंकड्यानें नीतीच बदलली म्हणा ना. सोंवळ्या पिढींतील खेळाडूंची अशा वेळीं दोन प्रकारची फजिती होते : कांहीं जुना सावधपणा सोडीत नाहींत व मागें पडतात; कांहीं एकदम धीट होऊं जातात व जुनी सफाई घालवून बसतात. हिल्गर्टोव्हाबाईंचें एक सुवर्णपदक पांच सेकंदांच्या राज्यांतलें आहे आणि एक दोन सेकंदांच्या राज्यांतलें, या एका गोष्टीचें महत्त्व पदकांच्या यादींत कोठेंही दिसत नाहीं. यादींत तीं दोन पदकें एकासारखीं एक दिसतात. वस्तुतः तीं दोन निरनिराळ्या खेळांतलीं आहेत असें म्हटलें तरी चालेल.

दुसरा फेरफार होडीचा, आणि तो अधिक मुळाला हात घालणारा. २००५ सालीं होडीची किमान लांबी चार मीटरांवरून साडेतीन मीटरांवर आणण्यांत आली. अर्धा मीटर म्हणजे साधारण हातभर. ऐकणाऱ्यास यांत विशेष वाटणार नाहीं. करणाऱ्यास मात्र सारें नव्यानें शिकावें लागलें. लांब होडी सरळ पाण्यांत आपल्या वेगानें धांवत राहते. एका फटक्यावर तिचा बराच प्रवास होतो. वळतांना मात्र तिला मनवावें लागतें, मागचा भाग पाण्याखालीं दाबून तिचें नाक उचलावें लागतें. आंखूड होडी क्षणांत वळते, पण तिचा वेगही तसाच क्षणांत ओसरतो, आणि तो राखण्यासाठीं फटके अधिक व लौकर लौकर मारावे लागतात. म्हणजे ज्या गुणावर बाईंची शैली उभी होती, थोड्या फटक्यांत पुष्कळ पाणी, त्याच गुणाची किंमत नव्या होडीनें उतरविली. आणि जो गुण तरुण अंगाला सहज असतो त्याची चढविली. ज्यानें वीस वर्षें एका पट्टींत गळा बसविला त्याला एकाएकीं दुसऱ्या पट्टींत मैफल रंगविण्यास सांगावें, तसें हें झालें. त्या वेळीं बाईंचें वय सदतीस होतें. दोन ऑलिंपिक विजय, दोन जगज्जेतेपदें पदरीं होतीं. जुन्या होडीबरोबर निवृत्त होण्यास याहून प्रतिष्ठेचा मुहूर्त सांपडला नसता.

त्या निवृत्त झाल्या नाहींत. २००८ मध्यें बेजिंगला, चाळिसाव्या वर्षीं, झेक संघाचें निशाण हातीं घेऊन त्या उद्घाटनाच्या मिरवणुकींत चालल्या आणि त्यानंतर आंखूड होडींत बसून शर्यतींतही उतरल्या. २०१२ मध्यें लंडनजवळच्या ली व्हॅली येथें त्या अंतिम फेरीपर्यंत पोंचल्या. पदक दोन्ही ठिकाणीं नाहीं.

येथें आक्षेप येतो, आणि तो उडवून लावण्यासारखा नाहीं. आक्षेप असा, कीं कलावंतानें आपलें उतरतें रूप लोकांस दाखवूं नये. शिखरावरून नाहींसें व्हावें हेंच शोभतें. आपल्याकडे हा वाद नवा नाहीं. उतारवयांत रंगभूमीवर उभ्या राहिलेल्या बालगंधर्वांविषयीं रसिकांत दोन तट पडले होतेच. एका तटाला त्या गळ्यांतलें उरलेलें सोनें दिसत होतें, दुसऱ्याला झिजलेला देह. खेळाच्या बाजूनें पाहिलें तर प्रा. दि. ब. देवधर यांनीं पन्नाशी उलटल्यावर, १९४४-४५ च्या हंगामांत, रणजी करंडकाच्या एकाच सामन्यांत दोन शतकें काढलीं. त्यांना कोणी थांबा म्हणण्याची सोय नव्हती. परंतु नाटक आणि खेळ यांत एक भेद आहे. नटानें रंगभूमीवर यावें कीं न यावें हें बरेंच त्याच्या इच्छेवर आणि लोकांच्या प्रेमावर चालतें. स्लालोमच्या खेळाडूला दारांत उभें करणारें प्रेम नसतें, घड्याळ असतें.

आक्षेपाचें दुसरें अंग अधिक टोंचणारें आहे. २००८ आणि २०१२ या दोन्ही ऑलिंपिकमध्यें एका राष्ट्राला या शर्यतींत एकच होडी उतरवितां येत होती. झेक देशांत या खेळाची परंपरा मोठी. तरुण, वेगवान मुलींची वाण नाहीं. तेव्हां चाळिशीच्या बाईंनीं ती एकमेव जागा अडविली, म्हणजे कोणा तरुण मुलीची संधि घेतली, असें म्हणतां येईल. म्हणतां येईल, पण टिकणार नाहीं. जागा मानाची नव्हती, वेळेची होती. तरुण मुलीला ती हवी असेल तर तिनें बाईंहून लौकर खालीं पोंचावयाचें, इतकाच मार्ग होता आणि तो सर्वांस मोकळा होता. वडीलधाऱ्यांनीं जागा रिकामी करून द्यावी ही अपेक्षा दिसावयास उदार दिसते. तिच्यांत तरुणांचा केवढा अपमान आहे हें तरुणांना तरी कळावें. पुढच्या ऑलिंपिकला, २०१६ मध्यें, झेक देशाची जागा दुसऱ्या खेळाडूकडे गेली, तीही अशीच, कोणी दिलेली म्हणून नव्हे.

बाईंच्या चाहत्यांविषयींही एक तक्रार नोंदवून ठेवावयास हवी. शेवटच्या वर्षांत त्यांच्याविषयीं जें लिहिलें गेलें त्यांत वयाचें कौतुक फार : या वयांत, एका मुलाची आई असून, मुलगा स्वतः त्याच खेळांत देशातर्फे उतरत असतांना, वगैरे वगैरे. यांतील माहिती खरी आहे. त्यांचे यजमान लुबोश हिल्गर्ट हे याच खेळांतले, आणि त्याच नांवाचा मुलगाही आंतरराष्ट्रीय स्पर्धांतून उतरलेला. पण वय हा गुण नव्हे. चव्वेचाळिसाव्या वर्षीं वाईट वल्हें मारलें तर तें वाईटच. अशा कौतुकानें होतें काय, कीं खेळाकडे पाहण्याचें काम चुकविलें जातें. जो प्रश्न विचारावयास हवा, म्हणजे तरुण बाहूंचा वेग नसतांना ही बाई त्या अंतिम फेरीपर्यंत पोंचली ती कशाच्या बळावर, तो बाजूलाच राहतो. आमचें उत्तर वर येऊन गेलें आहे. डोळ्याच्या बळावर. आंखूड होडीनें फटक्यांची काटकसर महाग केली. परंतु कोणतें पाणी केव्हां घ्यावें या निवडीची किंमत ती उतरवूं शकली नाहीं, उलट थोडी वाढवूनच गेली. कारण होडी जितकी चपळ तितकी चुकीच्या जागीं लौकर वळते.

आणि म्हणूनच २००३ नंतरच्या वर्षांस आम्ही शेपूट म्हणावयास तयार नाहीं. विजयाच्या वर्षांत बळ आणि दृष्टि हीं दोन्हीं एकत्र होतीं. यशांतील कोणता वाटा कोणाचा हें प्रेक्षकास सांगतां आलें नसतें. पुढें बळ ओसरत गेलें, होडी बदलली, नियम बदलले, आणि तरीही जें शिल्लक राहिलें तें निखळ दृष्टीचें होतें. ओकोई नदींत टाकून दिलेल्या फेरीनें जें काम केलें तेंच या वर्षांनीं केलें आहे. पहिल्या चार विजयांत नशीब किती, तारुण्य किती आणि विद्या किती, याचा निवाडा तीं करतात.

तसेंच पाहिलें तर सारेंच शिल्लक राहिलें असेंही नाहीं. अथेन्सला २००४ मध्यें समुद्राचें खारें पाणी कालव्यांत खेळविलें होतें. त्या पाण्यावर कालिस्काबाईंनीं जो जोम दाखविला त्याला हिल्गर्टोव्हाबाईंपाशीं उत्तर नव्हतें, आणि चार वर्षांनीं बेजिंगलाही तें सांपडलें नाहीं. एकेकाळीं दोघींचा देश एक होता, हें येथें सहज आठवतें. शैलीची म्हणून एक मर्यादा असते. जी शैली पाण्याकडून काम करून घेते ती, पाणी अंगावर चालून येऊं लागलें म्हणजे, क्षणभर वाट पाहते. आणि तो क्षण दुसरी कोणी तरी घेऊन जाते. बाईंच्या चाहत्यांनीं हें मान्य करण्यास कचरूं नये. त्यानें कांहीं उणें होत नाहीं.

लंडनच्या त्या अंतिम फेरींत फ्रान्सची एमिली फेर पहिली आली, ऑस्ट्रेलियाची जेसिका फॉक्स दुसरी आणि स्पेनची मायालेन शुराउत तिसरी. यांतील शुराउतबाई पुढें २०१६ मध्यें, मुलगी झाल्यानंतर, रिओ येथें सुवर्णपदक घेऊन गेल्या आणि टोकियोच्या, २०२१ मध्यें झालेल्या ऑलिंपिकमध्यें, अडतिसाव्या वर्षीं, रौप्य. तेव्हां कोणाला त्याचा अचंबा वाटला नाहीं. जेसिका फॉक्सची हकीकत आणखी निराळी. लंडनला ती अठरा वर्षांची होती. तिची आई मिरियम जेरुसाल्मी ही फ्रान्सकडून खेळणारी. १९९६ च्या ओकोईच्या शर्यतींत, हिल्गर्टोव्हा व ख्लादेक यांच्यामागून तिसरी आली होती ती हीच. म्हणजे हिल्गर्टोव्हाबाईंनीं आईबरोबर शर्यत केली, आणि सोळा वर्षांनीं मुलीबरोबर केली. २०२४ मध्यें पॅरिसच्या ऑलिंपिकला जेसिका फॉक्सनें या शर्यतीचें सुवर्णपदक जिंकलें. तें तिचें चौथें ऑलिंपिक. आधींच्या तीन खेपांस याच शर्यतींत तिला एक रौप्य व दोन कांस्य पदकें मिळालीं होतीं. तिच्या कारकीर्दीचा हिशेब कोणी मांडावयास बसेल तेव्हां पॅरिसपासून मागें मागें जात त्याला लंडनपर्यंत यावें लागेल, आणि तेथें त्या अठरा वर्षांच्या मुलीबरोबर त्याच पाण्यांत उतरलेल्या, पदक न मिळालेल्या चव्वेचाळीस वर्षांच्या बाईंची वेळही पाहून घ्यावी लागेल.